त्रेसष्ट घाव

पाटीवर अजून ‘पिडक आणि मुलगी’ असंच आहे.
पिडक जाऊन एकोणीस वर्षं झाली.
मुलगी एकसष्टची; डोळ्याला भिंग लावून बसलेली ती मीच.

बर्मिंगहॅमच्या या गल्लीत दहापर्यंत ऊन उतरत नाही.
मंगळवारी दिवा लावूनच काम चाललेलं,
तेव्हा मिस बेडो आल्या, डडलीहून, दोन बस बदलून.
पर्समधून औषधाची डबी काढली, डबीतून कापूस,
कापसातून लोलक.

चांदीचा. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा.
मधे मीना, मोरपिसाच्या डोळ्यातला निळा,
कडेला हिरव्यात विरघळत गेलेला,
खाली एक वेडावाकडा मोती, नदीतल्या शिंपल्याचा,
आणि उजव्या अंगाला टवका.
तांदळाच्या कणीएवढी उघडी चांदी.

‘आजोबांनी घडवला,’ त्या म्हणाल्या.
‘एनक बेडो. एकोणीसशे सहा. आजीला मागणी घालायला.
महिनाभर रात्री जागून, स्वतःच्या हातोडीनं.
बघा ना, ठोक्यान् ठोका दिसतो.’

दिसतो.
तेव्हाची ती हौसच होती.
यंत्राच्या गुळगुळीतपणाला विटलेल्या लोकांना
घाव दिसायला हवे होते,
देवीच्या व्रणांचा चेहरा हवा होता चांदीला,
म्हणजे मागे हात होता याची खात्री.

मी घाव मोजले. त्रेसष्ट.
मग उठले, मागच्या कपाटातला खण ओढला
(मोडीत आलेलं वडिलांना वितळवायला जिवावर यायचं)
आणि मीना उडालेला एक तुकडा शेजारी ठेवला.
त्रेसष्ट.
वर डावीकडे दोन घाव एकमेकांवर चढलेले,
इथंही, तिथंही.
हात तीच चूक त्याच जागी पुन्हा करत नाही.
साच्याला तेवढंच येतं.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
मी लोलक उलटा केला, जरा वेळ मिळावा म्हणून.

पाठीलाही मीना असतो. तो कुणी बघत नाही.
पुढचा ताण पेलायला लागतो,
नाहीतर भट्टीत पत्रा वाकतो, रंग तडकतात.
तिथं चांगला रंग कोण घालणार?
सगळ्या पोरींच्या खलांत उरलेला गाळ,
धुऊन, एकत्र करून, थापलेला:
करडा, जांभळट, ढगाळ,
आणि त्यात शेंदरी एक कण,
दुसऱ्याच कुणाच्या फुलातून चुकून आलेला.

‘आजी काय करायच्या?’
‘आजी? काही नाही. घर.
लग्नाआधी कुठल्याशा कारखान्यात होती, रंगाच्या खोलीत की काय.
ओव्हनमधला ट्रे फडक्याशिवाय उचलायची.
चटका कळायचाच नाही तिला.
आम्हा पोरांना जादू वाटायची.’

मी त्यांचा अंगठा धरून पाठीवरून फिरवला.
काही बोलले नाही. शेंदरी कणापाशी तो थांबला,
किंवा मला तसं वाटलं.

‘घाव खरे आहेत ना?’
खरे आहेत, मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.
कुणीतरी एकदा, मन लावून, पोलादावर ठोकले असणार,
मग पोलादाला ते पाठ झाले,
आणि दिवसाला दोन ग्रोस म्हणून दाखवायची वेळ
कदाचित एनक बेडोवर आली असेल,
दांड्याला लोंबकळून, सहा ते सहा.

‘टवका भरू नका,’ मी म्हणाले. ‘पुन्हा भट्टी सोसणार नाही.’
‘तो माझाच,’ त्या म्हणाल्या. ‘सात वर्षांची होते. न्हाणीची फरशी.
मार आजोबांनी नाही, आजीनं दिला.’

कापूस, डबी, पर्स. पैसे मी घेतले नाहीत.
दाराशी त्या वळल्या, हातमोजा चढवत,
माझ्या टेबलाकडे हनुवटी करून म्हणाल्या,
‘आणि तो दुसरा?
तो कुणाच्या आजोबांनी घडवला?’